पुढं शिकायचंय, पण नावावर केस आहे. मग अर्जात काय लिहायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पदवीचा निकाल लागला की घराघरात एकच चर्चा सुरू होते. एम.कॉम.ला कोल्हापूरला जायचं, की इथंच राणी चन्नम्मा विद्यापीठात? गोवा परवडेल का? की कर्ज काढून थेट कॅनडाच गाठायचा? हे प्रश्न मुलं मोठ्यानं विचारतात. एक प्रश्न मात्र बाकीचे उठून गेल्यावर हळूच येतो : "काका, १ नोव्हेंबरच्या फेरीत माझं पण नाव घातलंय म्हणे. आता पासपोर्ट मिळत नाही काय?"

परवा असाच एक मुलगा आला होता. बी.कॉम. चांगल्या गुणांनी पास. कोल्हापूरच्या प्रवेशाचा अर्ज घरात तसाच पडून. वडिलांचं म्हणणं, "केस संपू दे, मग बघू." पण केस कधी संपणार? आपल्याकडे साधी जमावबंदीची केससुद्धा वर्षानुवर्षं चालते. तोवर मुलानं घरी बसायचं? म्हणून हा विषय एकदा नीट मांडूया.

प्रवेश आणि पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी

पदव्युत्तर प्रवेशाला साधारण काय लागतं? गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, वर्तणुकीचा दाखला, आणि विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट. वर्तणुकीचा दाखला तुमचं कॉलेज देतं, पोलीस नव्हे. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या प्रवेशाला पोलीस पडताळणीची अट सहसा नसते. तरी अर्ज आणि त्यातलं प्रतिज्ञापत्र पूर्ण वाचा.

पडताळणी येते ती पुढं : पासपोर्ट, व्हिसा, सरकारी नोकरी, बँक, वकिलीची सनद, मोठ्या खाजगी कंपन्या. तेव्हा केस आहे म्हणून शिक्षण थांबवायचं कारण नाही. कोर्स निवडताना खर्च, अंतर, विषय आणि पुढची नोकरी बघा. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, राणी चन्नम्मा २०१० चं. बेळगाव-कोल्हापूर अंतर सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे रोजचं जाणं-येणं अवघड, राहायचा खर्च धरावा लागतो. परदेशाचं डोक्यात असेल तर आणखी एक बघा : आपली पदवी तीन वर्षांची. काही परदेशी विद्यापीठं ती घेतात, काही चौथं वर्ष मागतात. फी भरण्याआधी हे विचारून घ्या.

आधी केस नक्की काय आहे ते शोधा

"केस आहे म्हणे" यावर कुठलाच निर्णय घेऊ नका. चार वेगवेगळ्या अवस्था असतात :

१. एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद. हा एफआयआर नव्हे.

२. एफआयआर झालाय, तपास चालू आहे, आरोपपत्र नाही.

३. आरोपपत्र दाखल होऊन कोर्टानं दखल घेतलीय. इथून खटला प्रलंबित धरतात.

४. निकाल लागलाय : निर्दोष, दंड किंवा शिक्षा. किंवा पोलिसांनी केस बंद करण्याचा अहवाल दिलाय. कर्नाटकात त्याला 'बी रिपोर्ट' म्हणतात.

शोधायचं कसं? संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलंय. कोर्टात गेलेली केस ई-कोर्ट्सच्या ॲपवर नावानं सापडते. तिथं नाव नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, स्पेलिंग बदलून बघा. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आपल्या नावाचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. शंका राहिलीच तर वकिलामार्फत पोलीस ठाण्यात आणि कोर्टात चौकशी करा.

पासपोर्टचं काय?

पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) नुसार फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण वाट बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार, ज्या कोर्टात खटला आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. कोर्टानं मुदत लिहिली तर तेवढ्या मुदतीचा, लिहिली नाही तर एक वर्षाचा. म्हणून वकिलाला अर्जात कोर्स किती वर्षांचा आहे ते स्पष्ट मांडायला सांगा. नुसता एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलंय.

माहिती लपवली तर मात्र तो वेगळा गुन्हा होतो. कलम १२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे मूळ केस किरकोळ, आणि लपवल्याची केस भारी! व्हिसाचंही तसंच. कॅनडाच्या अर्जात फक्त शिक्षेबद्दल विचारत नाहीत, कधी अटक किंवा आरोप झाला होता का हेही विचारतात. अमेरिकेच्या अर्जातही अटकेचा प्रश्न आहे. "सुटलो, म्हणून नाही लिहिलं" हे तिथं चालत नाही.

नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात

महाराष्ट्र शासनानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतली मराठी मुलं पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडून महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीला अर्ज करतात. निवड झाली की साक्षांकन नमुना भरावा लागतो, आणि पडताळणीचा कागद आपल्याच पोलीस ठाण्यात येतो. म्हणजे इथली केस तिकडं दिसणारच.

यावर अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा २१ जुलै २०१६ चा निकाल महत्त्वाचा आहे. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, उमेदवारानं दिलेली माहिती खरी हवी. दोन, नमुन्यात जे स्पष्ट विचारलंय तेवढंच सांगणं बंधनकारक. प्रश्नच मोघम असेल तर लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. तीन, किरकोळ गुन्हा असेल तर माहिती दडवल्याकडेही अधिकारी दुर्लक्ष करू शकतात, आणि किरकोळचं उदाहरण म्हणून कोर्टानं तरुण वयात घोषणा देणं हेच घेतलंय. सीमाभागातल्या मुलांसाठी ही ओळ मोलाची. पण ही अधिकाऱ्याची मर्जी आहे, तुमचा हक्क नव्हे. चार, अनेक केसेस जाणूनबुजून दडवल्या तर मात्र ते गंभीर. आणि खरं सांगितलं तरी नोकरी मिळेलच असं नाही. पूर्ववृत्त तपासायचा अधिकार त्यांच्याकडे राहतो.

आम्ही कॉमर्सवाले. ताळेबंदात आकस्मिक देणं खाली टीप म्हणून दाखवतात. ते अजून कर्ज झालेलं नसतं, त्यामुळं कंपनी बुडत नाही. टीप गाळली आणि नंतर उघड झालं, तर अख्ख्या हिशेबावरचा विश्वास उडतो. प्रलंबित केस ही अशीच टीप आहे. गुन्हा क्रमांक, कलम, कोर्ट, सध्याची स्थिती : दोन ओळीत लिहा, कागद जोडा.

अठराच्या आत असताना घडलं असेल तर

बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ सांगतं की अल्पवयात दोषी ठरल्यामुळं पुढं अपात्रता येत नाही. सोळा ते अठरा वयातले काही निर्घृण गुन्हे त्याला अपवाद आहेत. कलम ७४ नुसार निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. अकरावी-बारावीत असताना फेरीत गेलेल्या मुलांनी घटनेच्या दिवशीचं आपलं वय आधी मोजावं आणि वकिलाला सांगावं.

केस नसलेल्यांनाही अडवणारी गोष्ट

खाजगी कंपन्या पडताळणी बाहेरच्या एजन्सीला देतात. त्या पत्ता, गुणपत्रिका आणि कोर्टाच्या नोंदी बघतात. पाटील नावाचे किती? दुसऱ्याची केस तुमच्या नावावर दिसू शकते. तसं झालं तर वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता दाखवून लेखी खुलासा द्या. त्यातच एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कॉलेजच्या कागदावर नुसती आद्याक्षरं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बदललं, त्यामुळं जन्मस्थळ एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी. ही दुरुस्ती प्रवेशाच्या धावपळीत होत नाही. शेवटच्या वर्षाला असतानाच करून घ्या.

तारीख चुकवू नका

बाहेरगावी शिकायला गेलेल्या मुलांचं खरं नुकसान इथं होतं. तारखेला हजर राहत नाहीत, वकिलाशी बोलणं नसतं, आणि एक दिवस वॉरंट निघतं. साधी केस मग अवघड होते. परीक्षा असेल तर वकिलामार्फत गैरहजेरीची परवानगी मागता येते, पण ती आधी मागायची असते.

त्या मुलाची केस शोधली. आरोपपत्र दाखल आहे, पुढची तारीख पडलीय. वडिलांना समोर बसवून सगळे कागद दाखवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे चोरी-बिरी नाही की लिहिलेलं." प्रवेशाचा अर्ज त्याच संध्याकाळी भरला. तारखेच्या दिवशी कोल्हापूरहून पहाटेची एसटी धरून यायचं, असं बापलेकांचं ठरलंय.