सोरायसिस : ताट वेगळे नको, उपचार अर्धवट नको

निफाडच्या थंडीत माझ्या एका विद्यार्थिनीच्या कोपरांवर खपल्या वाढल्या. घरात तिचे ताट वेगळे झाले. भगिनींनो, सोरायसिस संसर्गजन्य नाही. तिला दस्तरखानावर आपल्याबरोबरच बसवा.

या आजारात त्वचेच्या पेशी फार वेगाने वाढतात. ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण तो वेग कमी करतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून आठवड्यातून दोन-तीनदा, थोडाच वेळ किरण देतात. सहसा २० ते ३० वेळा जावे लागते. नाशिकच्या पाच फेऱ्यांनंतर तिच्या वडिलांनी 'गुण नाही' म्हणून उपचार सोडला होता. समजावल्यावर पुन्हा सुरू केला. उन्हाळ्यापर्यंत खपल्या गेल्या. आजार परतू शकतो, तेव्हा पुन्हा दाखवावे. किरणांची मात्रा त्वचारोगतज्ज्ञच ठरवतात. घरी उन्हात अंग भाजून घेऊ नका.