चांदव्याचे नर कुठे जातात?

पावसाळ्यात बडनेऱ्याकडच्या धुऱ्यांवर घोळ माजते. चांदवा फुलपाखराची मादी तिच्यावरही अंडी घालते. नर काळाभोर, पंखांवर निळसर कडांचे पांढरे ठिपके. याच जातीला काही देशांत व्होल्बाकिया हा जिवाणू छळतो. तो आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो; नर त्याच्या उपयोगाचा नाही, म्हणून नर भ्रूण अंड्यातच मरतात. सामोआच्या सावाई बेटावर २००१ मध्ये शंभरात जेमतेम एक नर उरला होता. मग जिवाणूला दाबणारे जनुक फुलपाखरांतच पसरले आणि २००६ पर्यंत नर शंभरात चाळीसच्या आसपास पोहोचले. हा वेग थक्क करणारा आहे! पण तिथे फुलपाखरे भरपूर होती. मूठभर उरलेल्या दुर्मीळ जातीला एवढी सवड मिळेलच असे नाही. म्हणून अशा जातीची पैदास करून ती निसर्गात सोडण्याआधी तिच्या माद्यांत हा जिवाणू नाही ना, हे तपासायलाच हवे.