बापूंचे वय, दिवसांत

आपले वय आपण वर्षांत सांगतो. दिवसांत कधी मोजले आहे? सेवाग्रामला बापूकुटीसमोर बसून मी गांधीजींचे मोजले. जन्म २ ऑक्टोबर १८६९, शनिवार. हत्या ३० जानेवारी १९४८, शुक्रवार. म्हणजे ७८ वर्षे, ३ महिने, २८ दिवस. दर चौथे वर्ष लीप धरून दिवस आले २८,६०९. पण वार जुळेना! या संख्येला सातने पूर्ण भाग जातो. मग अखेरचा वारही शनिवारच यायला हवा. चूक सापडली १९०० सालात. शतकी वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप. खरे दिवस २८,६०८. घरातल्या पणजोबांचा जन्म १९०० पूर्वीचा असेल, तर त्यांच्याही हिशेबातून हा एक दिवस वजा करा.

तिथीने बापूंचा जन्म भाद्रपद वद्य द्वादशीचा. गुजरातेत तीच रेंटिया बारस, चरख्याची द्वादशी.

३० एप्रिल १९३६ रोजी ते इथे आले, तेव्हा वय ६६. पुढे १२५ वर्षे जगण्याची इच्छा ते बोलून दाखवत. फाळणीच्या रक्तपातात ती विझली. १९४७ च्या वाढदिवशी त्यांनीच तसे सांगितले. सव्वाशे वर्षे पुरी झाली असती २ ऑक्टोबर १९९४ रोजी. त्या शुक्रवारी संध्याकाळी १७,०४७ दिवस बाकी होते.