म्हैस डबक्यात का बसते?

कोकणात मे महिन्याच्या दुपारी गाय आंब्याच्या सावलीत रवंथ करते. म्हैस मात्र डबक्यात, नुसत्या नाकपुड्या नि शिंगं वर. लोक तिला आळशी म्हणतात, ते साफ चूक. काळं कातडं ऊन शोषतं, केस विरळ, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. त्यात दमट हवेत आलेला घामही लवकर वाळत नाही. पाणी मात्र हवेपेक्षा सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक. डुंबताना कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता पाण्यात जाते. बाहेर आल्यावर अंगावरचा चिखल सुकेपर्यंत गारवा टिकतो, गोमाश्यांचाही त्रास कमी होतो. डबकं नसेल तर गोठ्यात सावली ठेवा, दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारा; नाहीतर दूध घटतं, माजही नीट दिसत नाही.