गोल, करार आणि संघटना : ज्युस्त फाँतेन यांच्या कारकिर्दीचा विचार

ज्युस्त फाँतेन हे नाव क्रीडाविषयक कोशांत बहुधा एका संख्येशी जोडलेले आढळते. १९५८ साली स्वीडनमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेत त्यांनी सहा सामन्यांत १३ गोल केले. एकाच विश्वचषक स्पर्धेत एका खेळाडूने केलेल्या गोलांचा हा उच्चांक २०२२ च्या स्पर्धेपर्यंत कोणालाही मोडता आलेला नव्हता. श्रमसंबंधांच्या अभ्यासकाला मात्र त्यांच्या चरित्रातील आणखी एक घटना महत्त्वाची वाटेल. १९६१ साली फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि त्याचे पहिले अध्यक्षपद फाँतेन यांच्याकडे आले. ज्याचे शरीर हेच त्याचे साधन आणि तेच त्याचे भांडवल, अशा श्रमिकाचे कायद्यातील स्थान कोणते, हा प्रश्न या संघाने ऐरणीवर आणला. त्या दृष्टीने फाँतेन यांच्या कारकिर्दीचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फाँतेन यांचा जन्म १८ ऑगस्ट १९३३ रोजी माराकेश येथे झाला. मोरोक्को त्या वेळी फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता. त्यांचे वडील फ्रेंच, तर आई स्पॅनिश होती. कासाब्लांका येथील संघातून खेळास आरंभ करून ते १९५३ मध्ये नीस या संघाकडे आले. नीसने १९५४ साली फ्रेंच चषक आणि १९५६ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी रँस या संघाचा विख्यात खेळाडू रेमों कोपा हा माद्रिदला गेला व त्याची जागा भरून काढण्यासाठी रँसने फाँतेन यांना घेतले. रँसच्या वतीने खेळताना १९५८, १९६० आणि १९६२ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या वाट्याला आली. राष्ट्रीय संघातर्फे ते अवघे २१ सामने खेळले. त्यांत त्यांच्या नावावर ३० गोल आहेत.

१९५८ च्या स्पर्धेतील तीन गोष्टी येथे मुद्दाम नमूद केल्या पाहिजेत, कारण त्यांचा पुढील विवेचनाशी निकटचा संबंध आहे. मध्य आघाडीच्या जागेसाठी फाँतेन यांच्यापेक्षा रने ब्लियार याला पसंती मिळण्याची शक्यता होती; परंतु स्पर्धेपूर्वी तो जायबंदी झाला आणि ती जागा मोकळी झाली. ज्या बुटांनी फाँतेन यांनी गोल केले ते त्यांचे स्वतःचे नव्हते. आपले बूट निकामी झाल्यामुळे त्यांनी ते स्तेफान ब्रुए या सहकाऱ्याकडून उसने घेतले होते. तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ब्राझीलविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोबेर झोंके या बचावपटूच्या पायाचे हाड मोडले. बदली खेळाडू घेण्याची मुभा त्या काळच्या नियमांत नव्हती. फ्रान्सला हा सामना २–५ असा गमवावा लागला. तिसऱ्या स्थानासाठी पश्चिम जर्मनीशी झालेला सामना फ्रान्सने ६–३ असा जिंकला, त्यात फाँतेन यांचे चार गोल होते. एकाच्या इजेतून दुसऱ्याचे भाग्य उजळावे आणि तिसऱ्याच्या इजेने सर्व संघाचे भवितव्य पालटावे, इतका हा व्यवसाय शरीराच्या क्षेमावर अवलंबून होता.

ही अनिश्चितता लवकरच फाँतेन यांच्याही अनुभवास आली. मार्च १९६० मध्ये सोशो संघाविरुद्ध खेळत असताना त्यांच्या पायाची दोन्ही हाडे मोडली. दीर्घ उपचारानंतर ते मैदानावर परतले. परंतु १९६१ च्या अगदी आरंभी तोच पाय पुन्हा मोडला. १९६२ च्या जुलैमध्ये, वयाची २९ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांना खेळातून निवृत्त व्हावे लागले.

या ठिकाणी तत्कालीन फ्रेंच सेवाकराराचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉलला १९३२ साली अधिकृत मान्यता मिळाली. त्यानंतर रूढ झालेल्या पद्धतीनुसार तरुण वयात करारावर सही करणारा खेळाडू वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत आपल्या क्लबशी बांधला जाई. फुटबॉलपटूचे उपयुक्त आयुष्य सामान्यतः त्या सुमारासच संपत असल्यामुळे, व्यवहारात हा आजन्म करारच होता. क्लबला खेळाडूचे हस्तांतर करून त्याचे मूल्य घेता येई. खेळाडूला मात्र क्लबच्या संमतीवाचून अन्यत्र जाता येत नसे; तो अडून बसला तर त्याला खेळणेच बंद करावे लागे. कराराचे नाव होते, पण करारातील परस्परता नव्हती. एक पक्ष मोकळा आणि दुसरा बद्ध, अशी ती स्थिती होती. तिचे वर्णन वेठबिगारीच्या परिभाषेत केले गेले यात नवल नाही.

क्लबचालकांची बाजूही येथे मांडली पाहिजे. होतकरू खेळाडूला शिकविण्यासाठी आपण खर्च करतो. तो तयार होताच श्रीमंत क्लबांनी त्याला उचलून नेले तर लहान शहरांतील क्लब टिकणार कसे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यात काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु प्रशिक्षणाच्या खर्चाची भरपाई हा एक प्रश्न आहे आणि माणसाच्या समग्र कार्यकालावर मालकी सांगणे हा दुसरा. या दोहोंची गल्लत करून पहिल्याच्या आधारे दुसऱ्याचे समर्थन केले जात होते.

खेळाडूंची संघटना उभारण्याचे प्रयत्न महायुद्धापूर्वीही झाले होते; ते टिकले नाहीत. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये स्थापन झालेल्या नव्या संघाची मूळ कल्पना एजेन न्जो लेआ यांची. मूळचे कॅमेरूनचे असलेले न्जो लेआ हे सँत-एत्येन संघाचे नावाजलेले आघाडीपटू आणि त्याबरोबरच कायद्याचे अभ्यासक होते. उत्तरायुष्यात ते आपल्या देशाच्या राजनैतिक सेवेत गेले. फाँतेन यांनी या कार्याला आपल्या नावाचे वजन दिले. ज्याच्या पायाची हाडे दोनदा मोडली आहेत आणि ज्याचे गोल सर्व देशाला ठाऊक आहेत, अशा माणसाने खेळाडूंच्या असुरक्षिततेविषयी बोलावे, यात एक नैतिक अधिकार होता. तसेच, आता मैदानावर परतण्याची आशा मावळत चाललेल्या या अध्यक्षाला कोणत्याही क्लबच्या रोषाचे फारसे भय उरले नव्हते, हाही मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

संघाला यश तत्काळ आले नाही. १९६३ साली रेमों कोपा याने खेळाडू म्हणजे गुलाम अशा आशयाचे विधान एका साप्ताहिकात केले, तेव्हा त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने आपल्या क्लबविरुद्ध लावलेल्या दाव्यात तेथील न्यायालयाने खेळाडूला अडवून धरणारी पद्धत ही व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन असल्याचा निर्णय दिला. इंग्लंडमध्ये हा प्रश्न न्यायालयाच्या मार्गाने पुढे सरकला. फ्रान्समध्ये तो मुख्यतः संघटनेच्या आणि वाटाघाटींच्या मार्गाने सुटला. १९६५ साली पॅरिस येथे निरनिराळ्या देशांतील खेळाडू-संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, त्यातही फ्रेंच संघाचा वाटा होता. मे १९६८ च्या देशव्यापी आंदोलनात काही हौशी फुटबॉलपटूंनी व क्रीडापत्रकारांनी पॅरिसमधील फुटबॉल महामंडळाच्या कार्यालयाचाच ताबा घेतला. अखेर १९६९ साली मुदतबंद करार मान्य झाला आणि वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंतचे बंधन नाहीसे झाले. १९७२ साली क्लबचालकांनी ही सुधारणा मागे घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा डिसेंबरमध्ये खेळाडूंनी संप केला. त्याची परिणती १९७३ च्या व्यावसायिक फुटबॉलच्या सनदेत झाली. खेळाडू आणि क्लब यांचे संबंध सामुदायिक कराराने नियंत्रित व्हावेत हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले.

फाँतेन यांची अध्यक्षपदाची कारकीर्द यापूर्वीच, १९६४ मध्ये, संपली होती. त्यांच्यानंतर ही धुरा मिशेल हिदाल्गो यांनी वाहिली. तेव्हा १९६९ चे यश एकट्या फाँतेन यांच्या पदरात टाकणे ऐतिहासिक दृष्ट्या योग्य होणार नाही. संघटनेचे श्रेय व्यक्तीला देण्याची चूक चरित्रकार नेहमीच करीत आले आहेत. पायाभरणी करणाऱ्याने इमारत पाहिली, इतकेच येथे म्हणता येईल.

प्रशिक्षक या नात्याने त्यांचा इतिहास चढउतारांचा आहे. १९६७ साली त्यांच्याकडे फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे आली. रुमानिया आणि सोव्हिएत संघ यांच्याविरुद्धचे दोन्ही सामने फ्रान्सने गमावले आणि त्या दोन सामन्यांवरच त्यांची नियुक्ती संपुष्टात आली. ज्याने इतरांच्या सेवेच्या शाश्वतीसाठी संघटना उभी केली त्याच्या स्वतःच्या पदाला एवढीही शाश्वती नसावी, यातील विसंगती वाचकांच्या ध्यानी येईलच. पुढे पॅरिस सँ-जर्मां या नवोदित संघाची जबाबदारी त्यांनी सांभाळली आणि १९७४ मध्ये तो संघ पहिल्या श्रेणीत चढला. त्यानंतर तुलूज येथील संघाचे आणि १९७९ पासून मोरोक्कोच्या राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शन त्यांनी केले. संघटनेतील त्यांचे उत्तराधिकारी हिदाल्गो या क्षेत्रात अधिक यशस्वी ठरले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रान्सने १९८४ साली युरोपीय अजिंक्यपद मिळविले. संघटनेचे काम केलेला माणूस संघ घडविण्यास अपात्र ठरतो, हा क्लबचालकांचा जुना समज त्यामुळे आपोआप निराधार ठरला.

या सर्व विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. खेळाडूच्या श्रमाला बाजारात चढे मूल्य आहे, एवढ्यावरून तो श्रमिक स्वतंत्र आहे असे सिद्ध होत नाही. १९५८ साली फाँतेन यांच्या गोलांचे मोल सर्वांनी जाणले. तथापि ते गोल करणाऱ्या वर्गाला आपल्या श्रमाचा सौदा स्वतः करण्याचा हक्क मिळण्यास आणखी अकरा वर्षे लागली. मुदत संपलेल्या खेळाडूसाठी मोबदला मागण्याची प्रथा तर युरोपीय न्यायालयाने बॉस्मन खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये अवैध ठरविली, तेव्हा कोठे हा प्रश्न पुढच्या टप्प्यावर पोहोचला. लहान क्लबांना प्रशिक्षणाचा खर्च कसा भरून मिळावा, हा क्लबचालकांचा आक्षेप मात्र त्यानंतरही शिल्लक राहिला आणि त्याचा स्वतंत्रपणे विचार होणे अगत्याचे आहे.

फाँतेन १ मार्च २०२३ रोजी तुलूज येथे निधन पावले. १३ गोलांचा उच्चांक आज ना उद्या कोणी मोडील. उच्चांकांचा तो धर्मच आहे. १९६१ साली ज्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले तिच्या कार्याचा लाभ मात्र फ्रान्समधील प्रत्येक व्यावसायिक खेळाडूला, त्याने एकही गोल केलेला नसला तरी, करारावर सही करताना मिळत असतो.