फ्लूची साथ येण्याआधी मंडळाची तयारी

१९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबईत कोण किती मेले, याची नोंद पालिकेच्या आरोग्य खात्याने जातवार ठेवली होती. हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि तक्त्यात ज्यांना ‘खालच्या जातीचे’ म्हटले त्यांच्यात ६१.६. विषाणू एकच होता. फरक खोलीचा, पोटाचा आणि शुश्रूषेचा होता.

फ्लूचा विषाणू रूप बदलतो. २००९ मध्ये स्वाईन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. अशा नव्या विषाणूवरची लस हाती यायला साधारण सहा महिने जातात. ते सहा महिने वस्तीला आपल्याच बळावर काढायचे असतात.

मंडळाच्या बैठकीत आम्ही आधी विचारतो, विहाराची किल्ली कोणाकडे? अध्यक्षांकडे. अध्यक्षच तापाने पडले तर? सगळे हसतात. पण साथीत एकाच वेळी घरेच्या घरे आजारी पडतात. म्हणून किल्ली, निधीचा हिशेब, दवाखान्यात नेणे, प्रत्येक कामाला आणखी दोन माणसे आत्ताच ठरवा.

मग वही. महिला मंडळाने घरोघर जाऊन गरोदर बाया, पाच वर्षांखालची मुले, म्हातारी माणसे, दमा, मधुमेह, टीबी, हृदयविकार असलेले आणि एकटे राहणारे लिहून घ्यावेत. त्यांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे. वही दोघींकडेच ठेवा. कोणाचा आजार फलकावर जाता कामा नये.

‘आजाऱ्याला वेगळे ठेवा’ हे सांगणारे दहा बाय दहाच्या खोलीत राहिलेले नसतात. तिथे आजाऱ्याला खिडकीजवळ झोपवा, इतरांची डोकी त्याच्या पायांकडे करा, त्याला मास्क द्या, दार उघडे ठेवा.

खरी अडचण रोजंदारीची. खाडा परवडत नाही म्हणून माणूस ताप अंगावर घेऊन कामाला जातो आणि साथ पसरते. आजाऱ्याच्या घरी आठवड्याचा शिधा पोचेल एवढा निधी मंडळाकडे हवा. जयंतीच्या डीजेचा खर्च थोडा कमी करा, असे आम्ही म्हणतो तेव्हा तरुण रुसतात. रुसू द्या. वस्तीतल्या सफाई कामगारांनी हातमोजे आणि मास्कची मागणी ठेकेदाराकडे आत्ताच लेखी करावी, पोच घ्यावी.

अँटिबायोटिकने फ्लूचा विषाणू मरत नाही. त्यावरची गोळी डॉक्टरच देतील आणि ती पहिल्या दोन दिवसांत जास्त उपयोगी पडते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. धाप लागणे, ओठ निळे पडणे, छातीत दुखणे, असंबद्ध बोलणे, मुलाने पाणी न पिणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. ही लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या दारावर लावा, शेजारी आरोग्य केंद्राचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८.