कबड्डीची खुर्ची

१५ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर एक अजब सामना ठरला होता. एका बाजूला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेहून परतलेला भारतीय कबड्डी संघ, दुसऱ्या बाजूला निवडीत डावलल्याची तक्रार असलेले खेळाडू. सामना लावला होता उच्च न्यायालयाने आणि देखरेखीला निवृत्त न्यायमूर्ती. आशियाई स्पर्धेचा संघ तिकडे फिरकलाच नाही.

प्रकरण इतक्या थराला गेलं ते अध्यक्षपदाच्या भांडणातून.

कबड्डी हा महाराष्ट्राचा घरचा खेळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली थेट बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, १९७२ मध्ये आजचं ‘अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया’ आलं. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी हा खेळ देशोदेशी पोचवण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात ‘कबड्डी दिन’ म्हणून साजरा होतो.

राष्ट्रीय अध्यक्षपद मात्र १९८४ मध्ये राजस्थानचे काँग्रेस नेते जनार्दनसिंह गेहलोत यांच्याकडे गेलं आणि २०१३ पर्यंत तिथेच राहिलं. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली, ती याच काळात. पण केंद्राची तेव्हाची क्रीडा संहिता अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षं देत होती. २०१३ मध्ये गेहलोत ‘आजीव अध्यक्ष’ झाले आणि खुर्चीवर त्यांच्या पत्नी डॉ. मृदुल भदौरिया आल्या. माजी खेळाडू कोर्टात गेले. ३ ऑगस्ट २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही नेमणुका रद्द ठरवल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला.

खुर्ची इतकी वर्षं एका घरात टिकते कशी? अंधेरी किंवा घाटकोपरचं एखादं मंडळ आधी मुंबई उपनगर जिल्हा संघटनेशी जोडलेलं असतं, जिल्हा राज्य संघटनेशी, आणि राष्ट्रीय निवडणुकीत मतं असतात ती राज्य संघटनांची. मूठभर प्रतिनिधी सांभाळले की झालं. मॅटवर चढाई करणाऱ्या पोराचा आवाज तिथवर जात नाही. उलट त्याचं सगळं वर अडकलेलं असतं: भारतीय संघातली निवड, स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि त्या प्रमाणपत्रावर खेळाडू कोट्यातून मिळणारी सरकारी नोकरी.

२०१८ च्या त्याच ऑगस्टमध्ये, आशियाई स्पर्धेत सलग सात सुवर्णपदकं जिंकलेला पुरुष संघ जकार्ताला उपांत्य फेरीत इराणकडून हरला. महिला अंतिम सामन्यात २४-२७ ने हरल्या, त्याही इराणकडूनच. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

फेडरेशनची निवडणूक डिसेंबर २०२३ मध्ये झाली, पण नव्या कार्यकारिणीला कारभार मिळायला फेब्रुवारी २०२५ उजाडला, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा तोंडावर होती आणि मान्यताप्राप्त संघटनेशिवाय संघ पाठवायचा कुणी, हाच प्रश्न होता. मार्चमध्ये तेहरानला महिला संघ गेला आणि अंतिम फेरीत इराणला ३२-२५ ने हरवून आला. कर्णधार होती मुंबईची सोनाली शिंगटे; जकार्ताच्या पराभूत संघातही ती होती.